सिस्टर कन्सर्नमध्ये बदली, पगाराची बोलणी आणि विश्रामबागेतील एक सल्लागार

सांगलीतील विश्रामबागेत, मिरजेकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यापासून थोडे आत, झेरॉक्सच्या एका दुकानाच्या वर कामगार कायद्याविषयी सल्ला देणारे दोन खोल्यांचे कार्यालय आहे. कुपवाड आणि मिरज येथील औद्योगिक वसाहतींत काम करणारी माणसे तेथे बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरूनच पोहोचतात, कारण बाहेरची पाटी वहीच्या पानाएवढी आहे. आमच्या मालकांनी आम्हाला त्यांच्याच दुसऱ्या कंपनीत वर्ग करायचे ठरवले तेव्हा, म्हणजे मार्च आणि एप्रिल २०२४ मध्ये, पगाराच्या बोलणीसाठी मी या कार्यालयाची सेवा घेतली. फी पूर्ण भरली होती, त्यामुळे कोणाच्या उपकाराखाली न राहता हे लिहीत आहे. दोन वर्षे थांबलो याचे कारण असे की अशा सल्ल्याची किंमत पत्रावर सही झाली त्या दिवशी कळत नाही. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि पुढची पगारवाढ पाहिल्यावर कळते. कार्यालयाच्या गुणांबरोबर दोषही सांगायचे असल्याने त्याचे नाव आणि आमच्या कारखान्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही.

प्रथम प्रसंग सांगतो. मी कुपवाड वसाहतीतील, पंपांचे ओतीव भाग मशीनवर तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. रुजू झालो ती तारीख ३ डिसेंबर २०१२. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शेडमधील चाळीसएक जणांना सांगण्यात आले की १ एप्रिलपासून आम्ही सर्वजण ‘सिस्टर कन्सर्न’मध्ये असू. शेड तेच, मशीन तीच, चहाची वेळही तीच. गेटवरची पाटी आणि पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव तेवढे बदलणार होते. मनुष्यबळ विभागातील मॅडमनी प्रत्येकाला एकेक पाकीट दिले आणि सर्वांना साधारण वीस टक्के वाढ मिळत असल्याचे हसतमुखाने सांगितले. पाकिटात तीन कागद होते: जुन्या कंपनीचा टाइप केलेला राजीनामा, नव्या कंपनीचे नेमणूक पत्र, आणि ‘माझी कंपनीकडे कोणत्याही प्रकारची येणी शिल्लक नाहीत’ असे लिहून देणारा एक अर्धा कागद. वीस टक्के हा शब्द कानात असल्यामुळे पहिल्या दोन दिवसांत दहा-बारा जणांनी तिन्ही कागदांवर सह्या करून टाकल्या. मीही केली असती. माझ्या पाकिटातील पत्रात आडनावाचे स्पेलिंग चुकले होते आणि दुरुस्त प्रत येईपर्यंत आठवडा गेला, एवढेच माझे शहाणपण.

पहिल्या बैठकीचे ५०० रुपये होते आणि ती पन्नास मिनिटे चालली. सल्लागार हे कारखान्यांच्या कार्मिक विभागांत आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांच्यासोबत एक तरुण वकील बाई बसतात आणि मसुदे त्या करतात. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला आवडली: या वसाहतीतील दोन कारखान्यांच्या मालकांचे काम आपण पाहतो, त्यांत तुमचा कारखाना नाही, आणि तसे असते तर आपण तुम्हाला बसवून घेतले नसते. त्यानंतर मी नवे पत्र त्यांच्यापुढे सरकवले, तर ते त्यांनी न वाचता बाजूला ठेवले आणि २०१२ चे मूळ नेमणूक पत्र व शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या. मूळ पत्रावरील रुजू होण्याच्या तारखेभोवती त्यांनी शिसपेन्सिलीने गोल केला, मग नवे पत्र उघडून त्यातील ‘१ एप्रिल २०२४’ या तारखेभोवती दुसरा गोल केला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “हे बघा,” ते म्हणाले, “पगार काय, दरवर्षी भांडून वाढवता येतो. ही तारीख एकदा गेली की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. आधी तारखेचं बोलायचं.”

पुढचा अर्धा तास त्यांनी मला प्रश्न विचारले. माझ्या हाताखाली तीन मुले आहेत. त्यांची रजा कोण मंजूर करतो, त्यांना कामावर घेताना किंवा काढताना माझी सही लागते का, दिवसातला किती वेळ मी स्वतः व्हर्नियर आणि गेज घेऊन माप तपासतो. मला हे चौकशीसारखे वाटले, पण त्यामागे कारण होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात व्यवस्थापकीय काम करणारा माणूस ‘कामगार’ ठरत नसे, आणि देखरेखीचे काम करणाराही महिना १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेत असेल तर ठरत नसे. मात्र पदाचे नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष मुख्य काम कोणते आहे हे पाहिले जाते. चिठ्ठीवर ‘असिस्टंट ऑफिसर’ लिहिलेले असले तरी माझा बहुतेक दिवस मापे घेण्यात जातो आणि रजेच्या अर्जावर माझी सही चालत नाही, त्यामुळे मी कामगार आहे असे म्हणता येईल, पण समोरचा वाद घालू शकेल, असे त्यांनी सांगितले. हमखास जिंकाल असे ते एकदाही म्हणाले नाहीत. ज्यांना ऐकायला गोड सल्ला हवा आहे त्यांना हे कार्यालय मानवणार नाही.

आता पगाराच्या हिशेबाविषयी, कारण या सेवेचा सर्वांत भरीव भाग तोच आहे. माझा जुना पगार असा होता: बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २६,०००, घरभाडे ७,८००, इतर भत्ते ४,२००, एकूण ३८,०००. निधीची कपात पूर्ण २६,००० वर १२ टक्के, म्हणजे ३,१२०, व्यवसाय कर २००, हातात ३४,६८०. नव्या पत्रात महिन्याचा आकडा ४५,५०० लिहिलेला होता आणि ३८,००० शी तुलना केली की वीस टक्के वाढ दिसते. सल्लागारांनी त्या ४५,५०० खाली एक रेघ ओढली आणि तो आकडा कंपनीला पडणारा खर्च आहे, पगार नव्हे, हे पाठमागील तक्त्यावरून दाखवले. बेसिक १८,०००, घरभाडे ९,०००, विशेष भत्ता ११,१३४. इथपर्यंत ३८,१३४ होतात. त्यापुढे कंपनीचा निधीतील हिस्सा १,८००, ग्रॅच्युइटीपोटी ८६६, गट विम्याचा हप्ता ७००, आणि कामगिरीवर अवलंबून असलेला, वर्षाअखेरीस ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ मिळणारा ४,००० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता. जुन्या पत्रात कंपनीचा निधी आणि ग्रॅच्युइटी पगारात धरलेलीच नव्हती, नव्या पत्रात दोन्ही धरली होती. म्हणजे एका पारड्यात सोललेला नारळ आणि दुसऱ्यात शेंडीसकट नारळ ठेवून दुसरा जड आहे असे सांगण्यासारखे होते.

हातात येणारी रक्कम ३६,१३४ होणार होती, म्हणजे १,४५४ रुपयांची वाढ खरीच होती. पण ती कोठून येत होती? नव्या कंपनीने निधीची कपात १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेपुरती ठेवली होती, त्यामुळे माझे ३,१२० चे १,८०० झाले आणि कंपनीचेही तेवढेच झाले. दोन्ही हिस्से मिळून माझ्या नावावर महिन्याला ६,२४० जमा होत होते, तेथे ३,६०० जमा होणार होते. हातात १,४५४ अधिक आणि खात्यात २,६४० कमी. एकंदरीत मी महिन्याला १,१८६ रुपयांनी मागे जात होतो आणि त्याला वीस टक्के वाढ असे नाव होते. हा हिशेब मी गुणवत्ता विभागात रोज आकड्यांशी खेळणारा माणूस असूनही घरी बसून मला दिसला नव्हता, हे कबूल करायला हवे. मॅडमनी तो जाणून केला होता की मुख्य कार्यालयातून आलेला तक्ता त्यांनी तसाच छापला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

बेसिक २६,००० वरून १८,००० वर आणण्यात आणखी एक मेख होती आणि ती सल्लागारांच्या तरुण सहकारी बाईंनी दाखवली. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्याला २६ ने भागून, १५ ने गुणून, नोकरीच्या पूर्ण वर्षांनी गुणली जाते. माझ्या अकरा वर्षांचे २६,००० च्या हिशेबाने १,६५,००० होतात. समजा कंपनीने मोठ्या मनाने जुनी तारीख कायम ठेवली, पण बेसिक १८,००० केले, तर त्याच अकरा वर्षांचे १,१४,२३१ उरतात. म्हणजे जी वर्षे मी आधीच राबून झालो आहे त्यांचीही किंमत पन्नास हजारांनी उतरते. नुसती सेवा अखंड ठेवल्याचे पत्र मिळवून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तारीख आणि बेसिक या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात धरून ठेवाव्या लागतात.

ग्रॅच्युइटीच्याच एका मुद्द्यावर मात्र मी सल्लागारांशी सहमत नव्हतो आणि आजही नाही. जुन्या कंपनीने १,६५,००० आत्ता देऊन खाते मिटवावे, असा पर्याय मॅडमनी तोंडी सुचवला होता. त्यावर सल्लागारांनी सांगितले की निवृत्तीच्या वेळी, वीस वर्षांनी, बेसिक ६०,००० झाले तर याच अकरा वर्षांचे सुमारे ३ लाख ८१ हजार मिळतील, म्हणून आत्ता घेणे हा तोटा आहे. मी घरी येऊन मांडणी केली. १,६५,००० रुपये सात टक्क्यांनी बँकेत वीस वर्षे ठेवले तर ते ६ लाख ३८ हजारांच्या आसपास जातात. २६,००० चे ६०,००० व्हायला वर्षाला सव्वाचार टक्के वाढ पुरते; म्हणजे पगार व्याजापेक्षा वेगाने वाढणार असेल तरच थांबण्यात फायदा आहे, आणि आमच्या वसाहतीत तसा वेग मी पाहिलेला नाही. हे मी त्यांना पुढच्या बैठकीत दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाले, “हिशेब बरोबर आहे तुमचा. पण पैसे घेऊन तारीख सोडलीत तर ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं परत शून्यापासून, आणि उद्या माणसं कमी करायची वेळ आली तर शेवटी आलेला आधी जाणार. तेव्हा तुम्ही शेवटी आलेले ठराल.” हे खरे होते आणि निर्णय मी त्यांच्या बाजूने घेतला, तरी मूळ कारण त्यांनी चुकीचे दिले होते ही नोंद करून ठेवतो. पैसे रोख आणि ताबडतोब मिळत असतील आणि माणूस पन्नाशीच्या पुढचा असेल, तर त्याने हा पर्याय सरसकट नाकारू नये.

बोलणीला बसण्यापूर्वी आपल्या पायाखाली काय आहे हे त्यांनी समजावले, ते थोडक्यात असे. दुसरी कंपनी मालक तेच असले तरी कायद्याने वेगळी आहे, आणि नोकरीचा करार माणसाच्या संमतीशिवाय एका मालकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील एका प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली हेच सांगितले आहे. पाकिटात राजीनामा कशासाठी घातला होता, याचे उत्तर येथे मिळते: ती संमती होती आणि तीही जुन्या हक्कांवर पाणी सोडणारी. उद्योगच हस्तांतरित होत असेल, तर सेवेत खंड पडणार नाही, अटी पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या असणार नाहीत, आणि पुढे कपात झाली तर नवा मालक सर्व वर्षे धरून भरपाई देईल, या तिन्ही गोष्टी पाळल्या गेल्या तर भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांतली एक जरी मोडली तरी कामगाराला कामावरून कमी केल्याप्रमाणे नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार मागता येतो. माझ्या बाबतीत हा आकडा ढोबळमानाने २ लाख ९ हजार होता, ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. हा आकडा बोलून दाखवायचा नाही, पण डोक्यात ठेवायचा, अशी सूचना होती.

सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करू, असा दम भरायचा का, असे आमच्यातील एकाने विचारले. त्यावर त्यांनी हात जोडले. सांगलीचे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी होते, सरकारी कार्यालयांतील निम्मी माणसे त्या कामाला लागलेली होती, आणि जो दम लगेच अमलात आणता येत नाही तो भरू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याऐवजी कंपनीला आपली गरज कशासाठी आहे ते शोधा, असे त्यांनी सांगितले. माझ्यापुरते उत्तर सोपे निघाले. नव्या कंपनीच्या नावाने एका मोठ्या ग्राहकाची मंजुरी घ्यायची होती, ग्राहकाची माणसे जूनमध्ये तपासणीला येणार होती, आणि सुट्या भागांच्या मंजुरीच्या कागदांवर तपासणाऱ्याची सही माझी होती. अकरा वर्षांत या सहीचा पगाराशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

बोलणीला ते स्वतः येत नाहीत आणि हे पहिल्याच दिवशी सांगतात. त्याऐवजी ते तालीम करून घेतात. आम्ही पाच जण होतो. प्रत्येकाला समोर बसवून बाई मॅडमची भूमिका करीत आणि सल्लागार कोपऱ्यातून ऐकत. क्रम त्यांनी ठरवून दिला होता: आधी तारीख, मग बेसिक, मग निधी, आणि वाढीचा विषय सर्वांत शेवटी. वाढ आधी मागितली की समोरचा हजार-दीड हजार वाढवतो आणि बाकीच्या तिन्ही गोष्टी त्या आनंदात वाहून जातात, हे त्यांचे निरीक्षण मला तंतोतंत पटले, कारण आधी सह्या केलेल्यांचे तसेच झाले होते. तालमीत मी तीनदा चुकलो. तीनही वेळा मी न विचारता स्वतःच आकडा बोलून मोकळा झालो.

प्रत्यक्ष बैठक १२ एप्रिलला मॅडमच्या केबिनमध्ये झाली. तोपर्यंत वर्ग करण्याची तारीख १ मेवर गेली होती. सोबत प्लँटचे प्रमुखही होते. मी राजीनाम्याऐवजी जुनी कंपनी, नवी कंपनी आणि मी अशा तिघांच्या सह्यांचे एक पत्र पुढे ठेवले. त्यात सेवा ३ डिसेंबर २०१२ पासून अखंड धरली जाईल, परिविक्षा (प्रोबेशन) कालावधी असणार नाही, नोटिशीची मुदत पूर्वीप्रमाणे एक महिना राहील आणि शिल्लक २६ दिवसांची रजा पुढे जाईल, असे लिहिले होते. नव्या पत्रात परिविक्षा सहा महिने आणि नोटीस तीन महिने होती, हे मी वर सांगायचे विसरलो. मॅडम म्हणाल्या, “तारखेचं काय एवढं, ते आम्ही मानतोच की.” मी म्हणालो, “मग मॅडम, तेवढं लिहूनच द्या.” यानंतर केबिनमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर शिफ्ट सुटण्याचा भोंगा झाला. तालमीत बाईंनी सांगितले होते की अशा वेळी शांतता मोडायची नाही, आणि मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या गणपतीच्या फोटोकडे पाहत बसलो. शेवटी प्रमुखच म्हणाले की तारखेचे लिहून द्यायला हरकत नाही.

बेसिकवर दोन आठवडे गेले. शेवटी ठरले ते असे: बेसिक आणि महागाई भत्ता २८,०००, एकूण पगार ४०,५००, निधी पूर्ण बेसिकवर, म्हणजे ३,३६०, आणि प्रोत्साहन भत्ता रद्द. हातात ३६,९४० आले. कंपनीच्या बाजूने पाहिले तर ४०,५०० मध्ये निधीचे ३,३६०, ग्रॅच्युइटीचे १,३४७ आणि विम्याचे ७०० मिळवून ४५,९०७ होतात; म्हणजे त्यांनी मला आधीच देऊ केलेल्या ४५,५०० पेक्षा केवळ ४०७ रुपये अधिक. ही मांडणी सल्लागारांनी एका पानावर करून दिली होती आणि माझ्या मते फी वसूल झाली ती या पानामुळे. प्रमुखांना वरच्या कार्यालयात वाढ मागायची नव्हती, आहे त्या रकमेची फिरवाफिरव मागायची होती, आणि ते त्यांना जमण्यासारखे होते. ज्या सहकाऱ्यांनी प्रोत्साहन भत्त्यासह मूळ पत्र स्वीकारले, त्यांतील माझ्या शेजारच्या मशीनवरील मित्राला पहिल्या वर्षाच्या ४८,००० पैकी १७,००० मिळाले.

आमच्यातील दोन तरुण मुलांचे प्रश्न वेगळे होते. बेसिक कमी असल्याने ती बोनसला पात्र होती आणि नवी कंपनी असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षे बोनस नसेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. नव्याने स्थापन झालेल्या आस्थापनेला १९६५ च्या बोनस कायद्यात पहिल्या पाच वर्षांत नफा होईपर्यंत सवलत होती, हे खरे. पण केवळ जागा, व्यवस्थापन, नाव किंवा मालकी बदलल्याने आस्थापना नवी ठरत नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले होते. बाईंनी ते कलम झेरॉक्स करून दिले आणि विषय तेथेच संपला. दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. त्यांतील एकाला २१,८०० रुपये देऊ केले होते आणि त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा २१,००० आहे. ती ओलांडली की चालू अंशदान काळ संपल्यावर, म्हणजे सप्टेंबरनंतर, तो त्यातून बाहेर पडणार होता, आणि त्याच्या आईचे डायलिसिस त्या विम्यावर चालू होते. सल्लागारांनी ते सहज विचारलेल्या एका प्रश्नातून बाहेर काढले. मुलाने २०,९५० मागून घेतले. कमी पगार मागायला आलेला माणूस आपण नोकरीत पहिल्यांदा पाहिला, असे मॅडम नंतर म्हणाल्याचे कळले.

आता दोष. पहिला मसुदा ठरल्यापेक्षा पाच दिवस उशिरा मिळाला आणि त्यात रुजू होण्याची तारीख ३ डिसेंबर २०२१ अशी पडली होती, पदही दुसऱ्याच कोणाचे होते; उघडच, आधीच्या एखाद्याच्या पत्रावर माझे पत्र तयार केले होते. ज्या कार्यालयाचा सगळा भर तारखेवर आहे त्याने तारीखच चुकवावी, याला काय म्हणावे? मी वाचले नसते तर नऊ वर्षे माझ्याच हाताने गेली असती. चूक दाखवल्यावर बाईंनी त्याच वेळी दुरुस्त केली, पण क्षमा मागितली नाही. मसुदे फक्त इंग्रजीत मिळतात. आमच्यातील दोघांना त्यातील अटी समजण्यासाठी पुन्हा वेळ घ्यावा लागला आणि त्याचे वेगळे ३०० रुपये पडले, हे मला खटकले. शनिवारी संध्याकाळी भेट मिळते असे सांगतात, पण चारपैकी दोन शनिवारी कुलूप होते.

दुसरा दोष मोठा आहे. सही झाली की त्यांचे काम संपते आणि पुढच्या कागदपत्रांविषयी ते काहीच सांगत नाहीत. जुन्या कंपनीने निधीच्या पोर्टलवर माझी नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, त्यामुळे जुने खाते नव्या खात्यात वर्ग होईना. निधीच्या सदस्याचा युएएन क्रमांक एकच राहत असला तरी प्रत्येक कंपनीचे खाते वेगळे असते आणि रक्कम वर्ग करून घ्यावी लागते. पेन्शनसाठीची सेवाही त्यानेच जोडली जाते. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः ती तारीख भरू शकतो, हे मला कारखान्यातील टाइम ऑफिसच्या कारकुनाने सांगितले. एवढी साधी गोष्ट साडेतीन हजार रुपये घेणाऱ्याने सांगायला हवी होती.

होय, मसुदा, हिशेबाचे पान आणि दोन तालमी मिळून प्रत्येकी ३,५०० रुपये होते. वाढीच्या रकमेत टक्केवारी घेण्याची पद्धत त्यांनी नाकारली. तसे केले तर आपणही तारीख सोडून वाढीच्या मागे लागू, असे ते म्हणाले. माझा हातात येणारा पगार २,२६० ने वाढला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत फी निघाली.

आज कोणी याच कामासाठी तेथे जाणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे की २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. आस्थापना हस्तांतरित होताना भरपाई आणि अखंड सेवा यांविषयीची तरतूद तेथेही आहे. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते, त्यामुळे बेसिक फार खाली नेण्याचा मार्ग आता पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. तरीही माझ्या बेसिकसारखे २६,००० चे १९,००० करायला जागा उरतेच. गेल्या महिन्यात माझा मेव्हणा मिरज वसाहतीतील अशाच एका बदलीसाठी त्या कार्यालयात जाऊन आला. पहिल्या बैठकीचे आता ७०० रुपये घेतात, नेमणूक पत्राची झेरॉक्स चालत नाही, मूळ पत्रच आणा म्हणून त्याला एकदा परत पाठवले, आणि पावती अजूनही मागितल्याशिवाय देत नाहीत.